नवी फाइल जोडताच जुना कर्नल कोसळतो : हौशी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडची बांधणी आणि समस्या निवारण

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या पट्ट्यातील अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी हौसेने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतात, त्यांच्याकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होतो, पडद्यावर अक्षरे उमटतात, कीबोर्डही चालतो. मग एखादी नवी फाइल जोडली जाते, किंवा जुन्याच फाइलमध्ये मजकूर छापणारी एक ओळ वाढते, आणि ज्या भागाला कोणी हातही लावलेला नाही नेमका तोच भाग कोसळतो. ती ओळ काढली की सारे पूर्ववत होते. ‘काल ते बराबर चालनं, आज काय व्हयनं?’ असे विचारणारा मुलगा कोड मन लावून लिहिणारा असतो, आणि त्याने जोडलेली फाइल तपासली तर तिच्यात बहुधा काहीच चुकीचे सापडत नाही. त्यामुळे तो नव्या ओळींवरच तासन्‌तास नजर रोखून बसतो, शेवटी सगळ्या ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने तयार केलेले यंत्रभाषेतील तुकडे) पुसून पुन्हा कंपाइल करतो, योगायोगाने कर्नल चालतो, आणि आठवडाभराने तोच बिघाड पुन्हा समोर येतो.

या तक्रारीचे मूळ मला जवळपास प्रत्येक वेळी एकाच जातीचे आढळले आहे. कर्नलच्या दोन भागांमध्ये काही ठराव असतात : कर्नल किती मोठा आहे, तो कोणत्या पत्त्यावर बसतो, पहिली सूचना कोणती, एखाद्या स्ट्रक्चरमधील अमुक घटक कितव्या बाइटवर आहे, कोणता भाग कोणाच्या आधी सुरू होतो. हा ठराव दोन ठिकाणी हाताने लिहिलेला असतो, एका ठिकाणी बदलतो, दुसऱ्या ठिकाणी बदलत नाही, आणि त्याची कोणीही तपासणी करत नाही. म्हणून समस्या निवारण आणि कोडची बांधणी हे दोन वेगळे विषय न मानता पुढील मजकूर लिहिला आहे.

आधी पुरावा गोळा करावा

एक्स८६ प्रोसेसरवर एखादा अपवाद, म्हणजे सूचना चालवताना आलेली अडचण, हाताळता आला नाही की डबल फॉल्ट होतो, आणि तोही हाताळता आला नाही की ट्रिपल फॉल्ट होऊन यंत्र स्वतःला रीसेट करते. पाहणाऱ्याला फक्त बूट होण्याचा पडदा पुन्हा पुन्हा लुकलुकताना दिसतो आणि मूळ कारण त्या रीसेटमध्ये वाहून जाते. म्हणून क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) चालवताना ‘-डी इंट’, ‘-नो-रीबूट’ आणि ‘-नो-शटडाउन’ हे तीन पर्याय द्यावेत. पहिल्या पर्यायाने प्रत्येक इंटरप्ट आणि अपवादाची नोंद निघते; उरलेल्या दोघांमुळे यंत्र पडलेल्या अवस्थेत थांबून राहते. ही नोंद केव्हीएमच्या (कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणाऱ्या लिनक्समधील सोयीच्या) साहाय्याने चालवल्यास मिळत नाही, म्हणून तपासणीपुरते केव्हीएम बंद ठेवावे.

त्या नोंदीत शेवटच्या ओळीऐवजी शेवटच्या साखळीतील पहिला अपवाद शोधावा. चौदा क्रमांक असेल तर तो पेज फॉल्ट आहे आणि सीआर२ या रजिस्टरमध्ये कोणत्या पत्त्याला हात लावला गेला ते दिसते. तेरा असेल तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. सहा असेल तर प्रोसेसरला ओळखता न आलेली सूचना. त्याच ओळीतील ईआयपीचे, म्हणजे चालू सूचनेच्या पत्त्याचे, मूल्य घेऊन ‘अ‍ॅड्र-टू-लाइन’ या साधनाला कर्नलच्या ईएलएफ (बांधणीतून निघालेल्या, मथळे असलेल्या) फाइलसह विचारले की फाइलचे नाव आणि ओळ मिळते. मात्र ते मूल्य कर्नलच्या पत्त्यांच्या कक्षेतच नसेल, उदाहरणार्थ शून्याच्या आसपास असेल, तर तोच सर्वांत मोलाचा पुरावा समजावा, कारण प्रोसेसर अशा ठिकाणी सूचना वाचत होता जिथे आपला कोडच नव्हता.

पावतीवरचा आकडा

आता हा प्रकार जवळून पाहू. बायॉस, म्हणजे संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते पाहून तिथे उडी मारतो. पुढचे सगळे आपले काम. हौशी बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या या पहिल्या सेक्टरमधील कोडमध्ये, पुढची ओळ बहुधा अशी असते : ‘डिस्कवरील पुढचे पंधरा सेक्टर वाचून हेक्स १००० या पत्त्यापासून ठेव.’ पंधरा हा आकडा लिहिला त्या दिवशी कर्नल लहान होता आणि पंधरा सेक्टर भरपूर वाटत होते.

पंधरा सेक्टर म्हणजे ७,६८० बाइट. समजा आज कीबोर्डची फाइल जोडल्यावर कर्नलची बायनरी ८,१०४ बाइटची झाली. बूटलोडर इमानाने पंधरा सेक्टर वाचतो आणि शेवटचे ४२४ बाइट डिस्कवरच राहतात. कोणतीही सूचना येत नाही. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरताना पावतीवर जितके घड लिहिले तितकेच चढवले आणि नंतर कापलेले घड बांधावर राहिले, तर चढवणाऱ्याची काहीच चूक नसते. बूटलोडरचेही तसेच असते.

मात्र कोणते ४२४ बाइट राहिले हे महत्त्वाचे आहे. ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडणारा लिंकर सामान्यतः आधी सर्व फाइलींचा कोड, मग स्थिर माहिती, मग बदलती माहिती अशा क्रमाने बायनरी रचतो. नव्या कीबोर्ड फाइलचा कोड पुढच्या भागात बसला आणि त्याने मागच्या सगळ्याला ढकलले. शेपटीला जे होते, म्हणजे बदलत्या माहितीच्या विभागातील फंक्शन पॉइंटरचा (फंक्शनांच्या पत्त्यांचा) जुना तक्ता, ते मेमरीत आलेच नाही. क्यूईएमयूमध्ये तिथे शून्ये असतात. टायमरचा कोड त्या तक्त्यातून पॉइंटर उचलतो, शून्यावर उडी मारतो, तिथे असलेला रिअल मोडचा इंटरप्टचा तक्ता सूचना समजून वाचू लागतो आणि काही पावलांतच कोसळतो. नवी फाइल कीबोर्डची, पडला टायमर, आणि दोन्ही फाइलींमध्ये एकही चूक नाही.

याची खात्री करायला मिनिट पुरते. ‘एनएम’ या साधनाला पत्त्याच्या क्रमाने चिन्हांची (फंक्शन आणि चलांच्या नावांची) यादी द्यायला सांगावे, शेवटच्या माहितीचा पत्ता पाहावा, त्यातून कर्नलचा आरंभपत्ता वजा करावा आणि ५१२ ने भागावे. भागाकार बूटलोडरमधील आकड्यापेक्षा मोठा निघाला की कारण सापडले.

दुरुस्ती म्हणून पंधराचे तीस करू नयेत. तसे केल्यास बिघाड फक्त पुढच्या सत्रात ढकलला जातो, आणि पुढे आणखी एक भिंत आहे : हेक्स १००० पासून ७सी०० पर्यंत २७,६४८ बाइट, म्हणजे बरोबर ५४ सेक्टर बसतात, आणि पंचावन्नावा सेक्टर चालू बूटलोडरच्याच अंगावर येऊन पडतो. योग्य उपाय असा की मेकफाइलने (बांधणीच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलने) कर्नलच्या बायनरीचा आकार मोजावा, त्यात ५११ मिळवून ५१२ ने पूर्णांक भागाकार करावा आणि तो आकडा बूटलोडर असेंबल करताना व्याख्या म्हणून बाहेरून द्यावा. बूटलोडरच्या फाइलमध्ये एक अट असावी : आकडा ५४ पेक्षा मोठा असेल तर असेंबलरने तिथेच त्रुटी देऊन थांबावे. असे केल्यावर आकार हा ठराव एकाच ठिकाणी उरतो आणि तो मोडला तर बांधणी थांबते, यंत्र पडत नाही.

ज्यांना बूटलोडरमध्येच रस नाही त्यांनी सरळ ग्रब हा तयार बूटलोडर वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो ईएलएफ फाइलचे मथळे वाचून प्रत्येक विभाग योग्य जागी ठेवतो आणि बीएसएस, म्हणजे आरंभी शून्य असायला हवेत अशा चलांचा विभाग, स्वच्छही करतो. मात्र तिथेही एक ठराव आहे. ग्रब ज्यावरून कर्नल ओळखतो तो मल्टिबूटचा मथळा फाइलच्या पहिल्या ८,१९२ बाइटमध्ये आणि चार बाइटच्या सीमेवर असावा लागतो. मल्टिबूट २ साठी हीच मर्यादा ३२,७६८ बाइट आणि आठ बाइटची सीमा अशी आहे. नवी फाइल जोडल्यावर मथळा मागे सरकला, किंवा लिंकरने न वापरलेला विभाग समजून तो काढून टाकला, तर ग्रब कर्नल ओळखत नाही. म्हणून लिंकर स्क्रिप्टमध्ये (विभागांची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) त्या विभागाला सर्वांत पुढे स्थान द्यावे, त्याला ‘कीप’मध्ये गुंडाळावे आणि प्रत्येक बांधणीनंतर ‘ग्रब-फाइल’ या साधनाने मथळा जागेवर आहे का ते तपासून घ्यावे.

फाइलींचा क्रम

सपाट, म्हणजे मथळे नसलेल्या, बायनरीमध्ये बूटलोडर पहिल्या बाइटवर उडी मारतो आणि पहिला बाइट कोणाचा हे लिंकरला दिलेल्या फाइलींच्या क्रमावर ठरते. मेकफाइलमध्ये ‘वाइल्डकार्ड’ लिहून सगळ्या फाइली उचलल्या असतील तर हा क्रम आपल्या हातात राहत नाही. जीएनयू मेकच्या ३.८२ या आवृत्तीपासून वाइल्डकार्डचा निकाल वर्णक्रमाने लावणे बंद झाले होते आणि ४.३ या २०२० च्या आवृत्तीत ते पुन्हा सुरू झाले. त्यामुळे घरच्या संगणकावर चालणारा कर्नल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या लिनक्सवर तोच कोड असूनही पडू शकतो. क्रम वर्णांवर ठरत असेल तर इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी एखादी नवी फाइल ‘एंट्री’च्या पुढे जाऊन बसते.

उपाय लहान आहे. प्रवेशाच्या सूचनांना वेगळ्या नावाचा विभाग द्यावा, लिंकर स्क्रिप्टमध्ये तो विभाग सर्वप्रथम लिहावा आणि स्क्रिप्टच्या शेवटी ‘असर्ट’ घालून प्रवेशचिन्हाचा पत्ता आणि कर्नलचा आरंभपत्ता सारखे आहेत याची सक्ती करावी. त्यानंतर फाइली कोणत्याही क्रमाने आल्या तरी बिघडत नाही.

क्यूईएमयूत चालतो, खऱ्या यंत्रावर पडतो

आपल्याकडे बहुतेकांजवळ तपासणीसाठी एखादा जुना, भंगारातून वाचवलेला डेस्कटॉप असतो आणि तिथे हा प्रकार हमखास दिसतो. सपाट बायनरीमध्ये बीएसएस साठवलेलाच नसतो. क्यूईएमयूची मेमरी सुरुवातीला शून्य असल्यामुळे तिथे कोणाच्याही लक्षात येत नाही. खऱ्या मेमरीत बायॉसने मागे ठेवलेला कचरा असतो. नव्या फाइलने बीएसएस थोडा सरकवला की काल शून्य असलेले कुलूप आज लागलेले दिसते आणि कर्नल गोठतो. लिंकर स्क्रिप्टमध्ये बीएसएसच्या आरंभाला आणि शेवटाला चिन्हे द्यावीत आणि सीच्या पहिल्या फंक्शनमध्ये जाण्यापूर्वी असेंब्लीतून तो टापू शून्याने भरावा.

शिळ्या ऑब्जेक्ट फाइली

‘सगळे पुसून पुन्हा कंपाइल केले की चालते’ हे लक्षण असेल तर कारण जवळजवळ निश्चित आहे. एका हेडर फाइलमधील स्ट्रक्चरला नवा घटक जोडला गेला; मेकफाइलला सी फाइल आणि तिची ऑब्जेक्ट फाइल यांचेच नाते ठाऊक असल्यामुळे ज्या फाइलींनी फक्त हेडर घेतला आहे त्या पुन्हा कंपाइल झाल्या नाहीत. आता शेड्युलरच्या (प्रोसेसना पाळी देणाऱ्या भागाच्या) मते प्रोसेसचे स्ट्रक्चर ४८ बाइटचे आहे आणि मेमरी व्यवस्थापकाच्या मते ४४ बाइटचे. दोघेही आपापल्या परीने बरोबर चालतात आणि एकमेकांचे चार बाइट खातात.

जीसीसी या कंपायलरला ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ हे पर्याय दिले की प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलसोबत तिने घेतलेल्या हेडरांची यादी तयार होते. ती मेकफाइलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’ने घ्यावी. असेंब्लीच्या फाइलींसाठी नॅसम या असेंबलरमध्येही अवलंबन लिहून देणारा पर्याय आहे. मेकफाइल स्वतः बदलली तरीही सगळे पुन्हा बांधले जावे, कारण कंपायलरचा पर्याय बदलणे हाही ठराव बदलण्यासारखाच प्रकार आहे. ही व्यवस्था झाल्यानंतर सगळे पुसण्याची सवय सोडून द्यावी. ती सवय खरा बिघाड झाकून ठेवते.

इथे खेड्यावरच्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो, कारण हे कारण पुस्तकी मजकुरात सापडत नाही. मेक सर्वस्वी फाइलींच्या वेळांवर चालते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपलेला असेल, भारनियमनात वीज गेली आणि घरी इंटरनेट नसेल, तर वीज आल्यावर संगणकाचे घड्याळ मागच्या एखाद्या तारखेवर जाऊन बसते. त्यानंतर बदललेली सी फाइल कालच्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा जुनी ठरते आणि मेक तिला हात लावत नाही. आपण ओळ बदलतो, बांधणी यशस्वी झाल्याचा संदेश येतो, आणि चालतो तो कालचाच कर्नल. फाइलची वेळ भविष्यातील आहे आणि घड्याळात तफावत आहे असा इशारा मेक देते, पण तो इतर ओळींच्या लोंढ्यात नजरेतून सुटतो. हा इशारा दिसला तर आधी घड्याळ नीट लावावे, एकदा सगळे पुसून बांधावे आणि थोड्या रुपयांचा सेल बदलून टाकावा. वीज जाते त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अर्धवट किंवा रिकामी राहू शकते आणि तिची वेळ मात्र ताजी असते. लिंकरने फाइल ओळखता येत नसल्याची तक्रार केली तर तेवढी एक फाइल पुसणे पुरेसे आहे.

असेंब्ली आणि सी यांच्यातील सीमा

अवलंबनांची यादी अचूक असली तरी एक जागा तिच्या आवाक्याबाहेर राहते. प्रोसेस बदलणारा कोड असेंब्लीत असतो आणि तिथे ‘स्टॅक पॉइंटर या स्ट्रक्चरच्या चौथ्या बाइटवर आहे’ असे आकड्यानेच लिहिलेले असते. कोणी सीमध्ये त्या घटकाच्या आधी चार बाइटचा अग्रक्रम जोडला की स्टॅक पॉइंटर आठव्या बाइटवर जातो, असेंब्ली चौथ्यावरून अग्रक्रम उचलते आणि तो स्टॅकचा पत्ता समजून पुढे जाते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय सी-११ मानकातील ‘स्टॅटिक असर्ट’ आणि ‘ऑफसेटऑफ’ यांची जोडी. स्ट्रक्चरच्या व्याख्येखालीच एक ओळ लिहावी की हा घटक चौथ्या बाइटवरच असला पाहिजे, आणि त्या ओळीतील आकड्याला नाव देऊन तेच नाव असेंब्लीनेही वापरावे. जीसीसीमार्फत चालणारी, मोठ्या एसच्या विस्ताराची असेंब्ली फाइल वापरली तर सीचा प्रीप्रोसेसर तिच्यावरही चालतो आणि दोघांना एकच हेडर घेता येतो. जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांचा तक्ता), आयडीटी (इंटरप्टच्या हँडलरांचा तक्ता), पेज टेबलच्या नोंदी, डिस्कवरील रचना अशा प्रत्येक ठिकाणी, जिथे मेमरीतील मांडणी प्रोसेसरने किंवा दुसऱ्या भाषेने ठरवली आहे, आकाराची अशी तपासणी असावी. आयडीटीची नोंद ३२ बिटमध्ये ८ बाइट आणि ६४ बिटमध्ये १६ बाइट असते. एवढी एक ओळ अनेकांच्या रात्री वाचवू शकते.

याच ठिकाणी कंपायलरबद्दल. लिनक्सचा स्वतःचा जीसीसी वापरून कर्नल बांधू नये. अनेक वितरणांत त्याच्या मूळ सेटिंगमध्ये स्टॅक संरक्षण आणि स्थाननिरपेक्ष कोड सुरू असतो. ‘आय६८६-ईएलएफ’ किंवा ‘एक्स८६_६४-ईएलएफ’ लक्ष्याचा क्रॉस कंपायलर (लिनक्सऐवजी दुसऱ्या लक्ष्यासाठी कोड बनवणारा) एकदा बांधून ठेवावा आणि ‘-एफफ्रीस्टँडिंग’चा पर्याय द्यावा. तरीही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शने आपल्यालाच पुरवावी लागतात, कारण जीसीसी त्यांना स्वतःहून हाक मारू शकतो. ६४ बिटच्या कर्नलसाठी ‘-एमनो-रेड-झोन’ अनिवार्य आहे. सिस्टिम व्ही एबीआय या फंक्शनांच्या हाकांच्या ठरावानुसार स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट फंक्शनला न विचारता वापरता येतात, आणि कर्नलमध्ये इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच जागेवर आपली नोंद लिहितो. जे फंक्शन दुसऱ्या कोणालाही हाक मारत नाही त्यातच हा बिघाड दिसतो. त्यामुळे तपासणीसाठी छापण्याची ओळ घातली की तो नाहीसा होतो आणि काढली की परत येतो. असे उलटे लक्षण दिसले की आधी हा पर्याय पाहावा.

कोडची विभागणी

वरील सर्व केल्यानंतरही एक प्रकार उरतो आणि त्याचे निवारण फोल्डरांच्या रचनेत आहे. छापणाऱ्या फंक्शनला कुलूप हवे असते, कुलपाला वाट पाहण्यासाठी शेड्युलर हवा असतो, शेड्युलरला नव्या प्रोसेससाठी मेमरी हवी असते, आणि मेमरी संपली की मेमरी व्यवस्थापकाला तसे छापायचे असते. हे वर्तुळ कागदावर कोणालाही दिसते, कोडमध्ये मात्र ते एकेक ‘इन्क्लूड’ने नकळत पुरे होते. मग मेमरी संपल्याचा संदेश छापताना कर्नल स्वतःच्याच कुलपापुढे अडकतो आणि खरे कारण पडद्यावर कधी येतच नाही.

हे वर्तुळ एकाच जागी तोडावे लागते, आणि ती जागा म्हणजे सिरियल पोर्ट. कॉम१ चा पत्ता हेक्स ३एफ८ आहे; पोर्ट रिकामा होण्याची वाट पाहून एक बाइट लिहिणारे फंक्शन दहा-बारा ओळींत होते आणि त्याला मेमरी, कुलूप, इंटरप्ट यांपैकी काहीच लागत नाही. कर्नल संकटात सापडल्यावर चालणारे ‘पॅनिक’ फंक्शन फक्त याच मार्गाने छापेल असा नियम करावा आणि तो कधीही मोडू नये. पडद्यावर, म्हणजे हेक्स बी८००० पासूनच्या ८० गुणिले २५ अक्षरांच्या टापूत छापणारा देखणा कोड त्याच्या वरच्या थरात राहू द्यावा.

थर मी असे ठेवतो. ‘लिब’मध्ये स्ट्रिंग, याद्या, बिटमॅप अशी फंक्शने, ज्यांना कर्नलचे अस्तित्वही ठाऊक नाही. ‘आर्क’मध्ये प्रोसेसरशी बोलणारे सर्व काही : असेंब्ली, जीडीटी, आयडीटी, पेजिंग, पोर्टवर लिहिणे-वाचणे. ‘कर्नल’मध्ये मेमरीचे वाटप, प्रोसेस, शेड्युलर, तो ‘आर्क’ला एका लहानशा हेडरमधूनच ओळखतो. ‘ड्रायव्हर’ कर्नलला हाक मारतात. कर्नल ड्रायव्हरला नावाने हाक मारत नाही, तर ड्रायव्हरने नोंदवलेल्या फंक्शन पॉइंटरमधून मारतो. ‘लिब’ आणि मेमरी वाटपाचा कोड नेहमीच्या लिनक्सवर, सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून, साधा प्रोग्रॅम म्हणून चालवता आला पाहिजे. ते शक्य नसेल तर कुठे तरी थर फाटला आहे असे खुशाल समजावे. माझ्या मते ही चाचणी कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक सांगते, आणि वाटपातील चूक लिनक्सवर काही सेकंदांत ओळीच्या क्रमांकासह सापडते.

उलट टोकाला जाऊन पहिल्याच दिवशी चार प्रोसेसरांसाठी रिकामी फोल्डरे काढू नयेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केला तेव्हा तो ३८६ पुरताच होता आणि तसे त्यांनी स्वतःच म्हटले होते. इतर प्रोसेसरांची वेगळी मांडणी अल्फासारख्या यंत्रांवर खरोखर नेण्याची वेळ आली तेव्हा झाली आणि मार्च १९९५ च्या १.२ या आवृत्तीत ती सर्वांसमोर आली. एमआयटीमध्ये २००६ पासून शिकवण्यासाठी वापरला जाणारा एक्सव्ही६ तर कर्नलच्या जवळपास सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवतो आणि फंक्शनांच्या घोषणा ‘डेफ्स.एच’ या एकाच हेडरमध्ये. काही हजार ओळींच्या कर्नलला तेवढे पुरते. थर फोल्डरांवर अवलंबून नसतात. कोण कोणाला हाक मारतो यावर असतात.

सुरू होण्याचा क्रम

प्रत्येक भागाने स्वतःच्या सोयीने सुरू व्हायचे, एकमेकांच्या ‘इनिट’ला आतून हाक मारायची, ही सवय या क्षेत्रात फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे क्रम कुठेच लिहिलेला राहत नाही. सर्व भाग सुरू करणाऱ्या हाका एकाच फंक्शनमध्ये, एकाखाली एक लिहाव्यात : सिरियल पोर्ट, जीडीटी, आयडीटी आणि पहिल्या ३२ अपवादांचे हँडलर, मग प्रत्यक्ष मेमरीची मोजणी, पेजिंग, हीप (मागणीनुसार वाटली जाणारी मेमरी), त्यानंतर इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, कीबोर्ड, आणि सर्वांत शेवटी इंटरप्ट सुरू करणारी ‘एसटीआय’ सूचना. प्रत्येक हाकेनंतर सिरियलवर एक शब्द छापावा. कर्नल कुठे थांबला हे शेवटच्या शब्दावरून कळते.

अपवादांचे हँडलर इतक्या आधी असण्याचे कारण उघड आहे : त्यानंतरची कोणतीही चूक ट्रिपल फॉल्टऐवजी वाचता येणारा संदेश देते. इंटरप्ट कंट्रोलरची फेरमांडणी ‘एसटीआय’च्या आधी असण्याचे कारण मात्र अनेकांना ठाऊक नसते. बायॉसने सोडलेल्या अवस्थेत टायमरचा इंटरप्ट आठ क्रमांकावर येतो, आणि संरक्षित मोडमध्ये आठ म्हणजे डबल फॉल्ट. फेरमांडणी राहून गेली तर इंटरप्ट सुरू होताच डबल फॉल्टचा हँडलर चालतो आणि विद्यार्थी अस्तित्वात नसलेला बिघाड शोधत बसतो. खरा डबल फॉल्ट स्टॅकवर शून्य मूल्याचा एरर कोड ठेवतो, टायमर ठेवत नाही; स्टॅकच्या टोकाला थेट ईआयपी दिसला तर तो टायमर आहे.

इतके करूनही कारण सापडले नाही तर

गिटमधील ‘बायसेक्ट’ (नोंदींचा इतिहास निम्मा-निम्मा करत दोषी नोंद शोधणारी आज्ञा) वापरावे, पण त्यासाठी कर्नलने स्वतःच सांगायला हवे की तो ठीक सुरू झाला. क्यूईएमयूला ‘आयएसए-डीबग-एक्झिट’ हे उपकरण जोडले की कर्नल एका पोर्टवर आकडा लिहून क्यूईएमयू बंद करू शकतो. बाहेर पडण्याचा संकेत त्या आकड्याच्या दुपटीत एक मिळवून येतो, म्हणजे तो कधीच शून्य नसतो, तर बायसेक्टला यशासाठी शून्य लागतो; त्यामुळे मध्ये एक लहान शेल स्क्रिप्ट लागते. तिने आधी सगळे पुसून बांधणी करावी, बांधणीच झाली नाही तर १२५ हा संकेत देऊन ती नोंद वगळायला सांगावी, मग क्यूईएमयूला वेळेची मर्यादा घालून चालवावे आणि आलेल्या संकेताचे शून्य किंवा एक करावे. हजार नोंदींच्या इतिहासात दोषी नोंद साधारण दहा फेऱ्यांत सापडते.

सापडलेली नोंद पुन्हा निरुपद्रवी दिसली, तिच्यात छापण्याची एक ओळ किंवा एखादा स्थिर तक्ताच निघाला, तर त्या नोंदीच्या आधीची आणि नंतरची लिंकरची मॅप फाइल शेजारी ठेवून फरक पाहावा. कोणत्या विभागाने कोणती सीमा ओलांडली ते त्या फरकात दिसते : वाचल्या जाणाऱ्या सेक्टरांची, मल्टिबूटच्या ८,१९२ बाइटची, पेजच्या ४,०९६ बाइटची, किंवा सुरुवातीच्या पेज टेबलने व्यापलेल्या टापूची. शेवटची सीमा विशेषतः पाहावी. ३२ बिटमध्ये एक पेज टेबल ४ एमबी इतकाच टापू दाखवते, आणि हीपसाठी बीएसएसमध्ये एखादा मोठा ॲरे राखून ठेवला की कर्नलचे शेपूट त्या टापूच्या बाहेर जाते. पेजिंग सुरू झाल्यावर तिथला पहिला स्पर्श चौदा क्रमांकाचा अपवाद देतो आणि सीआर२ मध्ये ४ एमबीच्या किंचित पुढचा पत्ता दिसतो. अशा वेळी कर्नलच्या शेवटाचे चिन्ह लिंकर स्क्रिप्टमधून घेऊन लागतील तितकी पेज टेबले सुरुवातीलाच भरावीत, किंवा तो ॲरे काढून हीपची पाने प्रत्यक्ष मेमरीच्या व्यवस्थापकाकडून एकेक करून मागावीत.